फळीवर राहिलेला बिल्ला

क्लबच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून एक यादी चिकटवलेली होती. अक्षर माझं. बिल्ल्यांची फळी, खिळे मोजून. लाल निशाण. रजिस्टर. शिसपेन्सिली दोन. सरस. पातळ कागद. रबराची वेटोळी. आयोडीन, कापूस, पट्टी. पिण्याचं पाणी. त्याखाली तिरप्या, घाईच्या अक्षरात आणखी एक ओळ होती: "बाईसाहेबांसाठी स्टूल, कधी आल्या तर." ती ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी घातलेली.

ते असेपर्यंत मी धावपट्टीवर दोनदाच गेले. रविवारी सकाळी मला घरची कामं असायची, आणि त्यांचीही यादी असायची. स्टूल मात्र दर रविवारी ट्रकमध्ये चढायचं, धावपट्टीच्या कडेला मोहाच्या झाडाखाली मांडलं जायचं आणि तसंच परत यायचं. हे मला नंतर कळलं, इतरांकडून.

बासष्टच्या लढाईनंतर जबलपुरातले कारखाने वाढले. नव्या शेड उभ्या राहिल्या, नव्या क्वार्टर्स, नवी माणसं. हे फाउंड्रीत लाकडी नमुने करायचे. ओतकामाच्या आधी लागणारा प्रत्येक भाग आधी लाकडात घडवायचा, हे त्यांचं काम. हातात लाकूड असलं की त्यांना दुसरं काही सुचायचं नाही. घरी ते विमानं करायचे. हातभर लांबीची, सावरीच्या हलक्या लाकडाची आणि बांबूच्या काड्यांची, वर पातळ कागद ताणून बसवलेला. सावरीचं लाकूड कुंडमकडच्या जंगलातून यायचं, कागद नेपियर टाउनमधल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून. काही विमानं दोरीनं ओढून वर सोडायची, काही रबराला पीळ देऊन. दोन-तीन जणांकडे छोटी इंजिनं होती. त्यांना ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण लागायचं, आणि त्या एरंडेलाचा वास ह्यांच्या शर्टाला सोमवारपर्यंत यायचा.

सुरुवातीला ही मंडळी वसाहतीच्या मैदानावर उडवायची. एक विमान एका मोठ्या साहेबांच्या बंगल्याच्या खिडकीतून आत गेलं आणि ते मैदान बंद झालं. मग ह्यांनी शहराबाहेरच्या धावपट्टीच्या कचेरीला पत्र लिहिलं. तिथे आठवड्यातून मोजकी विमानं उतरायची, रविवारी एकही नाही. तेव्हाचे साहेब मोकळ्या मनाचे होते. म्हणाले, या, पण माझ्या धावपट्टीवर किती माणसं आहेत हे मला कुठल्याही क्षणी कळलं पाहिजे. अचानक विमान आलं तर मैदान रिकामं आहे याची खात्री मला कशी देणार?

ह्यांनी त्याला कारखान्यातलं उत्तर दिलं. आमच्याकडे कामावर आलेल्या माणसाचा हिशेब पितळी बिल्ल्यावर चालतो. तसेच बिल्ले क्लबसाठी पाडले. एका लाकडी फळीवर दहा खिळे, दहा सभासद, दहा नंबर. मैदानात उतरताना आपला बिल्ला आपल्या खिळ्यावर लावायचा, निघताना काढून खिशात टाकायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. फळीवर एक जरी बिल्ला असला तरी वायरलेसच्या खोलीसमोर लाल निशाण वर राहायचं. विमान येत असल्याचं कळलं की तिथला माणूस रुळाचा तुकडा बडवायचा, सगळे बाहेर यायचे, फळी रिकामी झालेली साहेब स्वतः बघायचे, आणि मगच निशाण खाली. फळी रिकामी तर मैदान रिकामं. एक नंबरचा बिल्ला ह्यांचा.

बाकीची व्यवस्थाही अशीच, एकेक करून लागली. कारखान्याच्या कल्याण खात्यानं रविवारी सकाळी एक ट्रक दिला. धावपट्टीला लागून असलेल्या गावच्या सरपंचांशी बोलून ठरलं की विमान हरभऱ्यात पडलं तर एकानंच जायचं, चपला काढून, बांधावरून; आणि गावच्या माणसानं ते आणून दिलं तर त्याला बसवून चहा द्यायचा. धावपट्टीवरचं गवत कापणाऱ्या बायांनी रविवारी पलीकडच्या टोकाला कापायचं. हे सगळं ह्यांनी तोंडी ठरवलं होतं. कागदावर मी आणलं.

ते गेले तेव्हा कारखान्यात नव्हते, मैदानावरही नव्हते. न्हाणीघरातून बाहेर आले, खुर्चीवर बसले आणि छातीत दुखतंय म्हणाले. आम्हाला मूल नव्हतं. सहा महिन्यांत मला कारखान्याच्या स्टोअर्समध्ये कारकुनाची जागा मिळाली, क्वार्टर राहिलं. कामाला मी नवखी होते, पण कार्डांवर सामानाची आवक-जावक लिहिणं मला जड गेलं नाही.

पण आधी तेराव्यानंतरचा रविवार. क्लबातला टर्नर, कारखान्यात लेथवर काम करणारा, पेटी न्यायला आला. तो नागपूरकडचा, ह्यांचा जुना मित्र. बिल्ले त्यानंच कापले होते.

"वहिनी, पेटी नेतो. तुम्हाला तरास नको."

"पेटीत काय काय आहे, माहीत आहे?"

"झाकणाला यादी आहे ना."

"यादी आहे. खिळे मोजणार कोण?"

तो डोकं खाजवत उभा राहिला. मी पदर खोचला आणि चपला घातल्या.

"अच्छा, म्हणजे तुम्ही येऊन राहिल्या? काहून पण वहिनी? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते लिहून आणा. मी क्रम लावून देते."

तो हसला नाही. पण पेटीचा एक कान त्यानं धरला, दुसरा मी.

त्या दिवशी नऊच्या नऊ आले होते. ह्यांचा बिल्ला माझ्या पर्समध्ये होता. तो साहेबांकडे जमा करायचा, पेटी टर्नरच्या ताब्यात द्यायची आणि परत यायचं, असं मी ठरवलं होतं. पण साहेब सवयीनं डोकी मोजत आले. दहा डोकी. फळीवर नऊ बिल्ले.

"एक बिल्ला कम है," ते लांबूनच म्हणाले.

दहावं डोकं माझं होतं. टर्नर माझ्या बाजूला सरकला. "वहिनी, पर्समधला लावून टाका. आजपुरता. मोजून राहिले ते."

मी तो एक नंबरच्या खिळ्यावर लावला. साहेबांनी पुन्हा मोजलं, मान हलवली आणि गेले. स्टूल मांडलेलं होतं. मी बसले.

ते आजपुरतं दोन वर्षं चाललं.

खरं तर सोपं काम होतं. नव्या सभासदाचा अर्ज भरायचा, कारखान्याचा दाखला जोडायचा, माझ्या नावाचा बिल्ला पाडायचा, जुना जमा करायचा. चार कामं. दुसऱ्या कुणाची असती तर मी आठवड्यात उरकली असती. दर सहा महिन्यांनी सभासदांची यादी धावपट्टीच्या कचेरीत द्यावी लागायची. ती मी टाइप करायची. पहिली ओळ इतकी वर्षं ठरलेली होती की बोटं आपोआप तिथूनच सुरू व्हायची. नाव टाइप झालं की मी मनाशी म्हणायची, पुढच्या यादीत काढू. हे गेल्यावर सचिवाचं काम माझ्याकडे आलं होतं, म्हणून खाली माझी सही. सभासदांत माझं नाव नाही.

टर्नरनं एकदा कार्बन प्रत पाहिली.

"दादाला अजून ड्यूटीवर ठेवलंय तुम्ही," तो म्हणाला. सगळे ह्यांना दादा म्हणायचे. "हजेरी तुमची, नाव त्याचं."

"पुढच्या वेळी काढते."

"काढा बाप्पा. आधीचे साहेब डोकी मोजत होते म्हणून निभलं. नवा येऊन राहिला तो कागद वाचणारा आहे म्हणतात."

मी ते लिहून घेतलं. माझ्या वहीत ते 'करायचं' या मथळ्याखाली होतं, आणि प्रत्येक नव्या पानावर मी ते नेमानं उतरवत गेले.

रविवारची सकाळ म्हणजे माझ्यासाठी काय होतं ते सांगते. नऊ पुरुष, प्रत्येक जण आपापल्या विमानावर वाकलेला. मला विमानं उडवता येत नव्हती आणि शिकायची इच्छाही नव्हती. मी स्टूलावर बसून वेळ नोंदवायची: कुणाचं किती मिनिटं हवेत राहिलं, कुठे उतरलं, काय मोडलं. मधून कुणीतरी पाणी प्यायला यायचा, "काय भाभीजी, ठीक?" म्हणायचा आणि जायचा. कुणी माझ्याजवळ बसलं नाही. बसायला दुसरं स्टूल नव्हतंच, यादीत एकच होतं. तरीही आठवड्यातली ती एकच जागा होती जिथे मी जाऊन बसले की कुणाला मी कशाला आले असं वाटत नव्हतं.

वसाहतीत तसं राहिलं नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी आमच्या ओळीत वर्षानुवर्षं मीच करायची, कुणाकडे कोणी बोलवायला जायचं ते. हे गेल्यानंतरच्या संक्रांतीला शेजारीण कागद घेऊन आली. म्हणाली, "तुमचं अक्षर चांगलं, तुम्हीच उतरवून द्या ना." मी उतरवून दिली. ओळीतल्या सगळ्या घरांची नावं. माझं नव्हतं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. जाताना तिनं तिळाची एक वडी ठेवली.

घरात ह्यांचं शेवटचं विमान छताच्या हुकाला टांगलेलं होतं, एका पंखाला कागद लावायचा राहिलेला. बुधवारी मी त्यावरची धूळ काढायची.

एकाहत्तरच्या पावसाळ्यानंतर कारखान्यात श्वास घ्यायला वेळ नव्हता. पूर्वेकडच्या बातम्या रेडिओवर रोज यायच्या, आणि कुणी काही सांगितलं नाही तरी स्टोअर्समधल्या कार्डांवरून आम्हाला काय चाललंय ते दिसत होतं. सामान येतंय तसं जातंय. सुट्या रद्द होऊ लागल्या. क्लबात रविवारी कधी पाच जण यायचे, कधी चार. ईथर मिळेना, त्यामुळे इंजिनं बंद. फक्त दोरीनं सोडायची विमानं उरली. धावपट्टीवर नवे साहेब आले होते. केरळकडचे, तरुण, हिंदी जपून बोलणारे. ते डोकी मोजायचे नाहीत. फळी बघायचे आणि रजिस्टरशी ताडून पाहायचे. आल्या आल्या त्यांनी सांगितलं होतं की आता रविवारीही विमान येऊ शकतं, न कळवता. क्लब चालू ठेवतो, पण फळीत एकदा जरी चूक झाली तर बंद.

त्या रविवारी सहा जण आले होते. आभाळ स्वच्छ, वारा मंद. मी सातवा बिल्ला लावला, एक नंबरच्या खिळ्यावर, नेहमीसारखा. नऊच्या सुमारास कारखान्याची जीप आली. स्टोअर्समधलं एक कपाट उघडायचं होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे होती. तातडीचं होतं. मी पेन्सिल रजिस्टरमध्ये ठेवली, टर्नरला हाक मारून सांगितलं की तासाभरात येते, आणि जीपमध्ये बसले.

बिल्ला काढायचं मला सुचलं नाही. स्वतःचा बिल्ला कुणी विसरत नसे. कारखान्यातल्या माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. पण तो माझा नव्हताच.

कपाट उघडून दिलं, सामान मोजून सही घेतली, जीपनं मला परत सोडलं. फाटकापाशी उतरले तेव्हा वर विमानाचा आवाज येत होता. दोन पंख्यांचं विमान, फार उंच नव्हतं, धावपट्टीवरून पलीकडे गेलं आणि वळलं. लाल निशाण वरच होतं. मला कळेना की रूळ वाजला असेल तर निशाण का उतरलं नाही.

मग मला माणसं दिसली. सहाही जण धावपट्टीच्या पलीकडच्या गवतात ओळीनं पसरले होते, आगीच्या कवायतीत पसरतात तसे, दोघांत दहा-बारा हातांचं अंतर. गवत छातीपर्यंत होतं. ते हातांनी गवत बाजूला सारत पुढे चालले होते आणि हाका मारत होते.

"दादा. ओ दादा."

कुंपणापाशी गवत कापणारी एक म्हातारी विळा घेऊन उभी होती. दर रविवारी दिसायची, पण आमचं बोलणं कधी झालं नव्हतं. ती मला म्हणाली, "काए बाई, कौन हिरा गओ? कबसे टेर रए." कोण हरवलंय, कधीचे हाका मारतायत. मग तिनंही गवताकडे तोंड करून एक लांब हाक दिली, "दद्दा हो."

मीही गवताकडे पाहिलं. हे लिहायचं की नाही याचा मी बराच विचार केला. मला सगळं ठाऊक होतं. बिल्ला कुणी लावला ते ठाऊक होतं. तरी इतकी माणसं इतक्या खात्रीनं हाका मारत असताना मी त्या गवताकडे पाहिलं, आणि कुठून हलतंय का ते बघितलं.

विमान पुन्हा वरून गेलं. मी फळीकडे चालत गेले, तिथे उरलेला एकच, एक नंबरचा बिल्ला काढला आणि साहेबांसमोर धरला. ते फळीच्या शेजारी उभे होते, हातात आमची यादी.

"ये मेरे पास का है," मी म्हटलं. "इन छह के सिवा मैदान में कोई नहीं है."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग गवतातल्या लोकांना ओरडून बाहेर बोलावलं. शेवटचा माणूस बाहेर आल्यावर त्यांनी वायरलेसच्या खोलीकडे हात केला, निशाण उतरलं आणि विमान उतरायला वळलं. त्यातून कोण उतरलं ते आम्हाला कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं.

"मॅडम, नंबर एक कौन है?"

"मेरे पति."

"कहाँ हैं?"

"नहीं हैं. दो साल हो गए."

त्यांनी हातातल्या यादीच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग त्या सहा जणांकडे बघून म्हणाले, "तो ये लोग किसको बुला रहे थे?"

 त्यांनी रजिस्टर मिटलं, फळी काढून घेतली आणि सांगितलं की पुढच्या हुकमापर्यंत क्लब बंद.

 वसाहतीच्या वळणावर इतर ट्रकमधून उतरले. टर्नर पेटी घरापर्यंत पोचवायला आला. मी त्याला विचारलं, सरळ का नाही सांगितलं?

"काय सांगणार होतो? मेलेल्या माणसाचा बिल्ला आहे म्हणून? असल्या दिवसांत? खाली सही कोणाची? तुमची. तुमची नौकरी गेली असती वहिनी. मंग म्हटलं, शोधू."

"इतका वेळ?"

त्यानं पेटी ओट्यावर ठेवली. "आधी नाटकच होतं. मंग एकदा आवाज द्यायला लागलो तं थांबता येईना."

तो गेला. मी पेटी उघडून यादीप्रमाणे सामान तपासलं. फळी नव्हती. बाकी सगळं होतं.

डिसेंबरात लढाई झाली. खिडक्यांना खाकी कागद चिकटवले, वसाहतीत चर खणले. बारा-बारा तासांच्या पाळ्या. क्लबातला एखादा माणूस फाटकापाशी भेटला तर मान हलवायचा आणि पुढे जायचा, कुणालाच थांबायला वेळ नव्हता. त्या दिवसांत मला रविवार असा राहिलाच नाही. लढाई संपली, आनंद झाला, मिठाई वाटली गेली. मग हळूहळू सुट्या परत आल्या, आणि पहिल्या मोकळ्या रविवारी सकाळी मी सगळी कामं साडेआठला संपवून बसले. दळण झालं होतं. कपडे वाळत होते. छताचं विमान पुसून झालं होतं, तो बुधवार नव्हता तरी. दिवस केवढा असतो ते मला त्या दिवशी कळलं.

सोमवारी मी कामाला लागले. कल्याण खात्याचं पत्र घेतलं. सरपंचांकडे गेले, ते म्हणाले, आमची पोरंसोरं विचारतात विमानं कधी येणार, आणि सही केली. नऊ जणांचे कारखान्याचे दाखले गोळा केले. खरी यादी टाइप केली. पहिल्या ओळीवर बोटं थांबली, मग मी दोन नंबरपासून सुरुवात केली. आणखी एक कागद केला: हस्तांतर यादी. पेटी, स्टूल, एक बिल्ला. देणार मी, घेणार टर्नर. खोटी यादी माझी होती, तेव्हा क्लब परत मिळायचा असेल तर मी बाजूला व्हायला हवं, हे उघड होतं. रविवारचं काय करायचं त्याची यादी मी नंतर करणार होते.

साहेबांच्या कचेरीत टर्नर आणि मी गेलो. फळी त्यांच्या मागे भिंतीला टेकवलेली होती. त्यांनी प्रत्येक कागद वाचला. हस्तांतर यादी वाचून बाजूला ठेवली.

"इसमें नौ नाम हैं," ते म्हणाले.

"जी. नौ मेंबर हैं."

"मैं खिड़की से देखता था. जितने उड़ाते थे, उनसे हमेशा एक ज़्यादा होता था. एक पेड़ के नीचे." त्यांनी बोट माझ्याकडे केलं नाही, खिडकीकडे केलं. "उनका नाम कहाँ है?"

"मैं तो सिर्फ लिस्ट रखती हूँ, साहब. उडाती नहीं."

"मैं कौन उड़ाता है ये नहीं पूछता. कौन खड़ा है ये पूछता हूँ. सेक्रेटरी आप बदलिए, मत बदलिए, आपका मामला. लेकिन जो उस स्टूल पर बैठेगा, उसका अपना बिल्ला होगा. नहीं तो फाटक के बाहर."

टर्नर मराठीत पुटपुटला, "मी नाही बसत बाप्पा स्टूलावर. मला उडवायचं असते."

मग मला म्हणाला, "आणि खिळे कोण मोजणार?"

साहेबांनी छापील अर्ज पुढे सरकवला. नाव, कारखान्यातला नंबर, विमानाचा प्रकार. तिसऱ्या रकान्यात मी रेघ मारली. दाखला मी आणलेला नव्हता, तो दुसऱ्या दिवशी द्यायचं ठरलं. स्वतःच्या कागदात काहीतरी कमी असण्याची ती माझी पहिलीच वेळ.

"और पुराना बिल्ला," ते म्हणाले. "जमा करना होगा. रूल आप ही का है."

नियम ह्यांचा होता, कागदावर मी आणलेला. मी पर्स उघडली. बिल्ला पितळी, रुपयाहून थोडा मोठा, कडेला टर्नरच्या कानशीचे ओरखडे, मध्ये एकचा आकडा. दोन वर्षं दर रविवारी हाताळून तो घासला गेला होता. ह्यांच्या हातून जेवढा झिजला असेल त्यापेक्षा माझ्या हातून जास्त. मी तो टेबलावर ठेवला. साहेबांनी तो उचलून बघितला, पाकिटात घातला, पाकिटावर नंबर लिहिला आणि पावती पुस्तक काढलं. माझ्याकडे सगळ्या वस्तूंच्या पावत्या आहेत. ही त्यातलीच एक: बिल्ला, पितळी, नग एक, नंबर एक, मिळाला. खाली सही.

"नया नंबर कौन सा दूँ? एक खाली है."

"ग्यारह," मी म्हटलं.

टर्नरनं फळीच्या टोकाला अकरावा खिळा ठोकला आणि बिल्ला कापून दिला. त्याच्या कडा इतक्या धारदार होत्या की माझ्या रुमालाला भोक पडलं. मी बोलले तर म्हणाला, "वापरा, होईल गुळगुळीत."

उन्हाळा लागायच्या आधी एका रविवारी क्लब पुन्हा सुरू झाला. मोहाची फुलं पडायला लागली होती. स्टूलाखाली ती चिरडली जाऊन वास येत होता. आठ जण आले. मी माझा बिल्ला शेवटच्या खिळ्यावर लावला आणि पहिला खिळा तसाच ठेवला. त्यावर नजर जात होती, पण जाणारच. गवत कापणारी म्हातारी पलीकडच्या टोकावरून आली, कुंपणापाशी थांबली आणि मला म्हणाली, "काए बाई, बे मिले के नईं?" ते सापडले की नाही.

मी म्हटलं, "नाही."

तिनं मान हलवली आणि थोडा वेळ तिथेच उकिडवी बसली. मग कामाला गेली.

साडेदहाला रूळ वाजला. सगळे आपापली विमानं उचलून बाहेर आले, एकेकानं बिल्ला काढून खिशात टाकला. मी रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, उठले आणि अकरा नंबर काढला. साहेबांनी फळीवरून नजर फिरवली. पूर्वी या वेळी कुणीतरी पुन्हा मोजायचं, कुणीतरी कुणालातरी हाक मारायचं. त्या दिवशी तसं काही लागलं नाही. निशाण लगेच उतरलं.